अंगणात सध्या काय फुलले आहे?

मागे एका लेखात मी सहज लिहून गेलो होतो, की पावसाळा ओसरताना वाचकांनी आपापल्या अंगणात, परसात, गच्चीवर काय काय फुलले आहे ते कळवावे. माझा हेतू साधा होता. आजाराविषयी तर आपण दर आठवड्याला बोलतोच, एकदा जरा फुलांविषयी बोलू. पण वाचकांनी माझे म्हणणे फारच मनावर घेतले. पत्रे तर आलीच, शिवाय दवाखान्यात तपासायला येणारे लोक पिशवीतून फुले, फांद्या, बिया घेऊन येऊ लागले. काहींनी मोबाइलवर छायाचित्रे काढून आणली. नाडी बघायला हात पुढे करायचा तो मूठ उघडूनच, आणि मुठीत सोनटक्क्याचे फूल! आमच्या कंपाउंडरने शेवटी टेबलावर एक तांब्या पाणी भरून ठेवला. गेले पंधरा दिवस तो तांब्या एकदाही रिकामा झालेला नाही.

आपला सातारा जिल्हा मोठा गमतीचा आहे. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आणि माण-खटावात जेमतेम पाचशेच्या आसपास. त्यामुळे एकाच आठवड्यात आलेल्या पत्रांत दोन वेगवेगळे ऋतू दिसतात. पाटण-जावळीकडचे लोक लिहितात, की बांधावर तेरडा अजून गुलाबी आहे, सोनकीने डोंगर पिवळा झाला आहे, कासला जाणाऱ्या गाड्या थांबत नाहीत. दहिवडीच्या बाजूच्या एका वाचकाने मात्र लिहिले आहे, ‘आमच्याकडे फुलले म्हणावे असे तीनच: बाभूळ, तरवड आणि आमच्या हिचा चेहरा, कारण काल रात्री पाऊस झाला.’ असो.

पत्रांची गोळाबेरीज केली तर सर्वांत जास्त मान मिळाला आहे प्राजक्ताला. त्याच्या मागोमाग जास्वंद, गोकर्ण, गुलबक्षी, सोनटक्का, कर्दळ, सदाफुली. झेंडूला कळ्या आहेत, दसऱ्यापर्यंत तो हाताशी येईल. शेवंतीला अजून अवकाश आहे. तेरड्याविषयी एका वाचक भगिनीने छान आठवण लिहिली आहे, की लहानपणी त्या पाकळ्या ठेचून नखांवर बांधत आणि नखे लालसर होत. म्हणूनच तेरड्याला गुलमेंदीही म्हणतात. तिची नात तेरड्याच्या पिकलेल्या बोंडांना बोट लावून ती फट्कन फोडण्यात तासन्‌तास रमते. मुलांना खेळायला असे निरुपद्रवी झाड दुसरे नाही. हे मुद्दाम सांगतो, कारण पिशव्यांतून आलेल्या सगळ्याच वस्तू निरुपद्रवी नव्हत्या.

पितृपंधरवडा सुरू झाला त्याच्या दुसऱ्या दिवशीची गोष्ट. डोंगराकडच्या एका गावातल्या मावशी गुडघेदुखीसाठी नेहमी येतात. त्यांनी ओच्यातून लाल-पिवळी, ज्वाळेसारखी वर वळलेल्या पाकळ्यांची दोन फुले काढून टेबलावर ठेवली.

‘ही बघा डॉक्टर, गौरीची फुलं. गौर गेली तरी कुंपणावर अजून फुलतायत.’

ही कळलावी. कोणी अग्निशिखा म्हणतात, कोणी वाघनखी. पानाच्या टोकाला आकडी असते, तिच्या आधाराने वेल कुंपणावर चढतो. हे झिंबाब्वेचे राष्ट्रीय फूल आहे आणि तमिळनाडूचे राज्यफूल. दिसायला इतके देखणे फूल आपल्या रानात दुसरे क्वचितच असेल. मी तसे म्हणालोही. तेव्हा मावशी खुर्ची जरा पुढे ओढून हळूच म्हणाल्या, ‘सुनेला आठवा सरलाय. आमच्या सासूबाई ह्याचा गड्डा उगाळून पोटावर लावायच्या. तळपायाला पण. बाई लगेच सुटायची. थोडा पोटात दिला तर आणखी लवकर, म्हणायच्या. तर किती द्यावा ते विचारायचं होतं.’

‘गड्डा घरात आहे?’

‘आहे की. उकरून ठेवलाय. रताळ्यांच्या टोपलीत.’

माझ्या हातातले पेन मी खाली ठेवले. बाहेर बाकावर पाच-सहा माणसे बसली होती, ती बसून राहिली.

वाचकहो, या वेलाचे ‘कळलावी’ हे नावच त्या जुन्या समजुतीवरून पडले आहे. कळा लावणारी ती कळलावी. संस्कृतात तिला लांगली म्हणतात, कारण तिचा कंद नांगरासारखा वाकडा असतो. आणि तिचे आणखी एक संस्कृत नाव आहे, ‘गर्भपातिनी’. जुन्या वैद्यांना तिचा गुण नेमका ठाऊक होता आणि तिचा दोषही. त्यांनी तिची गणना उपविषांत केली आणि शुद्ध केल्याशिवाय वापरू नये असे बजावले. आपल्या घरांतून फक्त पहिला अर्धा भाग पुढे आला, दुसरा मागे राहून गेला.

या वेलाच्या सर्व भागांत, आणि विशेषतः कंदात व बियांत, कोल्चिसिन नावाचे द्रव्य असते. हे नाव ज्यांना गाऊट म्हणजे वातरक्ताचा त्रास आहे त्यांना ओळखीचे वाटेल. अंगठ्याचा सांधा लाल होऊन ठणकतो, त्यावर आम्ही अगदी सूक्ष्म मात्रेत हेच औषध देतो. गोळीत ते अर्धा मिलिग्रॅम असते. तमिळनाडूत शेतकरी या वेलाची रीतसर लागवड करतात आणि बिया औषध कंपन्यांना विकतात. म्हणजे वेल वाईट नाही. पण कोणत्या कंदात हे द्रव्य किती आहे, हे उगाळणाऱ्या बाईला कळण्याचा काही मार्ग नाही, आणि औषधाची मात्रा व विषाची मात्रा यांत अंतर फार थोडे आहे.

पोटात गेल्यावर काय होते? आपल्या शरीरात आतड्याचे अस्तर, रक्त तयार करणारा हाडांतला मगज, केसांची मुळे या ठिकाणी पेशी सतत दुभागून नव्या होत असतात. कोल्चिसिन हे दुभागणेच थांबवते. पहिले काही तास काहीच वाटत नाही. मग उलट्या आणि पटकीसारखे जुलाब सुरू होतात. घरचे समजतात, शिळे खाल्ले असेल. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जुलाब थोडे कमी होतात, सर्वांना हायसे वाटते, आणि नेमके त्याच वेळी रक्तातल्या पांढऱ्या पेशी व प्लेटलेट्स घसरू लागतात, मूत्रपिंड व हृदय थकते. यातून जो वाचतो त्याचे केस दहा-बारा दिवसांनी मुठीमुठीने गळतात. यावर आपल्याकडे मिळेल असा उतारा नाही. सलाइन, रक्त, अतिदक्षता विभाग, आणि वाट पाहणे, एवढेच हातात असते.

आता गरोदर बाईच्या पोटात हे गेले तर, हे मी मावशींना वेगळे सांगायची गरज पडली नाही. त्या गप्प झाल्या. मग म्हणाल्या, ‘सासूबाईंच्या हातून तर कुणी दगावलं नाही.’ मी विचारले, ‘त्या वेळी गावात बाळंतपणात बाया दगावत नव्हत्या?’ त्या म्हणाल्या, ‘त्या तर दगावायच्याच.’ आणि पुन्हा गप्प झाल्या. त्या काळी एखादी बाई गेली, की सटवाईने लिहिले होते म्हणायचे. कोणत्या घरात कशामुळे, याची नोंद कोण ठेवणार?

दुसरी गोष्ट त्या टोपलीची. नवरात्र तोंडावर आले आहे. उपवासाची रताळी घराघरांत येतील. कळलावीचा कंद रताळ्यासारखाच लांबट असतो, आणि अंधाऱ्या कोनाड्यातल्या टोपलीत तो रताळ्यांत मिसळला तर उकडणाऱ्या बाईच्या ध्यानात येईलच असे नाही. कंद रताळे समजून खाल्ल्याने विषबाधा झाल्याच्या घटना वैद्यकीय ग्रंथांत नोंदलेल्या आहेत. फरक असा सांगता येईल: रताळे मध्यभागी फुगीर व दोन्हीकडे निमुळते असते, त्याला बारीक मुळ्या असतात. कळलावीचा कंद बोटासारखा गुळगुळीत असून बहुधा काटकोनात वळलेला किंवा दोन फाट्यांचा असतो, आणि चवीला कडू लागतो. पण चव घेऊन ओळखण्याच्या भानगडीत कोणी पडू नये. ज्यांच्या कुंपणावर हा वेल आहे त्यांनी त्याच्या जवळपास रताळी लावू नयेत, आणि लावली असतील तर वेल हिरवा असतानाच जागेवर खूण करून ठेवावी. ऑक्टोबरनंतर वेल वाळून जातो व कंद जमिनीत तसाच राहतो. मग खाली काय आहे ते कुदळीलाच ठाऊक.

मावशी त्याच दिवशी दुपारच्या एस.टी.ने घरी गेल्या आणि दुसऱ्या दिवशी मुलाबरोबर तो कंद कागदात गुंडाळून माझ्याकडे पाठवला. सुनेचे नाव ग्रामीण रुग्णालयात नोंदवलेले होतेच. घटस्थापनेच्या सुमारास दिवस भरतात. पोटात दुखू लागताच १०२ किंवा १०८ क्रमांकावर फोन करायचा, रस्ता ओढ्यापाशी खराब आहे म्हणून गाडी कुठपर्यंत येईल ते आधीच चालकाशी बोलून ठेवायचे, हे सारे मुलाने वहीत लिहून नेले. मावशींचा एक प्रश्न मात्र त्याने जाता जाता विचारला: मग पुढल्या वर्षी गौरीला हे फूल वाहायचे की नाही? अवश्य वाहावे. फूल हाताळल्याने काही होत नाही. ते लहान मुलाच्या तोंडात जाऊ देऊ नये, हात धुवावेत, आणि निर्माल्य जिथे शेळ्या-गुरे तोंड घालतील तिथे टाकू नये. जनावरांनाही ते तितकेच बाधते.

या गोष्टीत मी जरा रमलो, पण त्याला कारण आहे. आपल्या पूजेच्या फुलांत विषारी झाडे बरीच आहेत, आणि ती देवाला चालतात म्हणून पोटालाही चालतील असा एक भाबडा समज आढळतो. कण्हेर घ्या. तांबडी, पांढरी, गुलाबी कण्हेर सध्या सर्वत्र फुललेली आहे. तिचा कोणताही भाग पोटात जाणे धोक्याचे. तिची मावसबहीण म्हणजे पिवळी कण्हेर, जिला आपण बिट्टी म्हणतो. घंटेसारखी पिवळी फुले आणि हिरवी त्रिकोणी फळे. फळातली कठीण कोय मुलांना खेळायला फार आवडते.

गेल्या वर्षी याच दिवसांत एका शाळेच्या कुंपणावरच्या बिट्टीची कोय फोडून सात वर्षांच्या मुलाने आतला गर खाल्ला. पैज लागली होती म्हणे. तासाभरात तोंडाची आग आणि उलट्या सुरू झाल्या. वडील शेतातून धावत आले ते मुलाला घेऊन थेट माझ्याकडे, आणि त्यांनी एक फार शहाणपणाचे काम केले: फळ खिशात घालून आणले. त्यामुळे ‘काय खाल्ले’ या चर्चेत एक मिनिटही गेले नाही. मुलाची नाडी मिनिटाला पन्नासच्या खाली आली होती. त्या वयाच्या मुलाची ती ऐंशी-नव्वदच्या आसपास असायला हवी. बिट्टीतले विष हृदयाची गती मंद करते आणि ठोक्यांचा ताल बिघडवते, म्हणून अशा रुग्णाला ताबडतोब जिथे हृदयाचा आलेख सतत बघता येईल अशा रुग्णालयात न्यावे लागते. त्याला एक इंजेक्शन देऊन पुढे जिल्ह्याच्या ठिकाणी पाठवले. तीन दिवसांनी तो घरी आला. आता तो माझ्याकडे बघून लाजतो.

शेजाऱ्यांनी त्याला मिठाचे पाणी पाजायचा घाट घातला होता, तो आईने होऊ दिला नाही. आईचे मी मुद्दाम कौतुक केले. मिठाचे पाणी पाजून, घशात बोटे घालून उलटी करवणे ही पद्धत आता पूर्णपणे टाकून दिलेली आहे. लहान मुलाच्या रक्तातले मीठ त्याने एकदम वाढते आणि झटके येऊ शकतात. उलटी श्वासनलिकेत गेली तर ते आणखी एक संकट. झाडाचा नमुना घ्यावा, किती वाजता खाल्ले ते लक्षात ठेवावे आणि निघावे. धोत्र्याच्या बाबतीतही हेच. त्यात तोंड कोरडे पडते, बाहुल्या मोठ्या होतात, अंग तापते आणि माणूस भ्रमिष्टासारखा हवेत काहीतरी पकडू लागतो. लोक त्याला अंगारा लावत बसतात. तोवर रुग्णालय गाठायचा वेळ निघून जातो.

रुईच्या चिकाबद्दल दोनच वाक्ये. गणपतीच्या पत्रीसाठी किंवा मारुतीच्या माळेसाठी पाने खुडताना चीक बोटाला लागतो आणि तेच बोट डोळ्याला. गंमत अशी, की पुष्कळदा डोळा दुखत नाही, नुसते धूसर दिसू लागते, आणि दुखत नाही म्हणून माणूस दोन दिवस थांबतो. डोळा लगेच स्वच्छ पाण्याने पंधरा-वीस मिनिटे धुवावा आणि त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जावे.

आता सदाफुली. हिच्याविषयी सर्वांत जास्त प्रश्न आले आहेत, आणि ते जवळपास सगळे एकच आहेत: मधुमेहावर सकाळी अनशापोटी पाने खावीत का? कोणी तीन पाने सांगतो, कोणी पाच, कोणी पांढऱ्या फुलाची सदाफुलीच पाहिजे म्हणतो. कराडच्या एका सेवानिवृत्त वाचकांनी तर गोळ्या बंद करून दोन महिने हा प्रयोग चालवला आहे आणि ‘शरीर हलके वाटते’ असे कळवले आहे. मधुमेह वाढला की वजन उतरते, तेव्हा शरीर हलके वाटणारच. त्यांनी हा अंक हातात पडल्यावर, चहा पिण्याआधी, रक्तातली साखर तपासून घ्यावी अशी माझी हात जोडून विनंती आहे.

या झाडाची कथा ऐकण्यासारखी आहे. ते मूळचे मादागास्कर बेटावरचे. मधुमेहावर ते वापरण्याची चाल वेस्ट इंडीजमध्येही होती. १९५० नंतरच्या दशकात कॅनडातील रॉबर्ट नोबल आणि चार्ल्स बिअर या संशोधकांनी जमैकाहून आलेली पाने घेऊन उंदरांवर प्रयोग केले. साखर काही उतरली नाही. पण उंदरांच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी मात्र झपाट्याने कमी झाल्या. दुसऱ्या कोणी प्रयोग फसला म्हणून पाने फेकून दिली असती. या दोघांनी विचार उलटा फिरवला. ज्या रोगात पांढऱ्या पेशी बेसुमार वाढतात त्या रोगावर हे चालेल का? त्यातून १९५८ मध्ये व्हिन्ब्लास्टिन जगापुढे आले, पुढे व्हिन्क्रिस्टिन आले, आणि मुलांच्या रक्ताच्या कर्करोगावर आजही जे उपचार होतात त्यांत व्हिन्क्रिस्टिन असतेच. मधुमेहासाठी निघालेली गाडी अशी भलत्याच, पण मोलाच्या गावाला पोहोचली.

म्हणजे अनशापोटी आपण काय चघळतो? कर्करोगाची औषधे ज्यातून काढतात ते पान. एका पानात त्या द्रव्यांचे प्रमाण अत्यल्प असते हे खरे. टनभर पाने घ्यावी तेव्हा काही ग्रॅम औषध निघते. पण या झाडात सत्तरहून अधिक अल्कलॉइड द्रव्ये आहेत, ती रोज, महिनोन्‌महिने, मोजमापाशिवाय पोटात घालायचे कारण काय? आणि त्याहून मोठा धोका पानाचा नाहीच, तो बंद केलेल्या गोळीचा आहे. सदाफुली दारात जरूर लावा. तिला फारसे पाणी लागत नाही, खत लागत नाही, बाराही महिने ती हसत असते. आमच्या दवाखान्याच्या पायरीशीही ती आहे, आणि एक-दोन वयस्कर रुग्ण जाता जाता तिची पाने तोडतात ते मला आतून दिसते.

वाईच्या एका गुरुजींचे पत्र वाचून मला फार वाईट वाटले. त्यांना शेवंतीचे वेड आहे, चाळीस वर्षे त्यांच्या परसात नाना जातीच्या शेवंत्या आहेत. गेल्या तीन-चार वर्षांपासून भाद्रपद आला की त्यांच्या पापण्या, मान, कोपराच्या आतली बाजू लाल होऊन कमालीची खाजते, कातडी जाड व काळपट होते. उन्हाळ्यात जरा बरे वाटते. ‘शेवंतीने माझा घात केला’ असे त्यांनी लिहिले आहे. मी त्यांना भेटायला बोलावले, आणि येताना परसामागची गल्ली कशी आहे ते नीट बघून या म्हटले. ते आले ते हसत. गल्लीत कमरेएवढे गाजरगवत माजले होते, पांढऱ्या फुलांनी भरलेले.

या गवताची आपल्या देशातली पहिली ठळक नोंद १९५५ साली पुण्यातच झाली, आणि आज ते कुठे नाही ते विचारा. पावसाळ्यात उगवून ते या दिवसांत फुलावर येते. त्याचे परागकण व वाळलेल्या पानांची केसाळ धूळ वाऱ्याबरोबर उडते आणि उघड्या त्वचेवर, विशेषतः घड्यांमध्ये बसते. कुणाला सर्दी-दमा होतो, कुणाला त्वचेचा हा चिवट दाह. गाजरगवत, शेवंती, झेंडू, सूर्यफूल ही सारी एकाच कुळातली भावंडे. गाजरगवताची ॲलर्जी झालेल्या माणसाला पुढे शेवंतीही सोसेनाशी होते. तेव्हा गुरुजींच्या बाबतीत खरा चोर गल्लीतला, आणि पकडली गेली परसातली. त्वचारोगतज्ज्ञांकडे चाचणी करून घ्यायला मी त्यांना पाठवले आहे. दरम्यान शेवंतीला हातमोजे व पूर्ण बाह्यांचा सदरा घालून हात लावायचा, आणि गल्लीतले गवत दुसऱ्या कोणाकडून, हातमोजे घालून, मुळासकट उपटून घ्यायचे.

खरे तर हे काम फुले येण्याआधी, जुलैतच करायला हवे. एक-एक झाड हजारो बिया टाकते. मेक्सिकोहून आणलेला एक ठिपक्यांचा भुंगेरा या गवताची पाने खातो. १९८४ पासून तो आपल्या देशात सोडलेला आहे आणि पावसाळ्यात आपल्याकडेही दिसतो, त्याला मारू नये. शिवाय गवत काढलेल्या जागी टाकळा येऊ द्यावा, तो गाजरगवताला वर येऊ देत नाही. आषाढात टाकळ्याची कोवळी भाजी होते, आत्ता त्याला पिवळी फुले व लांब शेंगा आलेल्या आहेत. त्याचे बी आत्ताच गोळा करून मोकळ्या जागी फेकावे. नगरपालिकेची वाट पाहायची असेल तर ते आपल्या जबाबदारीवर.

प्राजक्ताकडे वळू. पहाटे उठून सडा वेचणाऱ्या आजी आणि आजोबांची पत्रे वाचताना मन प्रसन्न झाले. एका आजींनी प्राजक्ताच्या लाखोलीचा संकल्प सोडला आहे, रोज मोजून फुले वेचतात, वही ठेवली आहे. वाकणे, बसणे, उठणे, मोकळी हवा, मोजताना मनाला लागणारा चाळा, यातले काहीही मी चिठ्ठीवर लिहून देऊ शकलो नसतो. गुडघे कुरकुरत असतील तर खाली न बसता ठेंगण्या स्टुलावर बसावे किंवा झाडाखाली संध्याकाळीच स्वच्छ पातळ पसरून ठेवावे. प्राजक्ताची जमिनीवर पडलेलीच फुले देवाला चालतात, पातळावर पडलेली तर त्याहून चांगली.

पातळ पसरण्याचे दुसरेही कारण आहे. या दिवसांत अंगणातले गवत घोट्याच्या वर आलेले असते. अंधारात त्यात अनवाणी जाऊन हात घालणे म्हणजे घोणस किंवा मण्यार यांना आमंत्रण. बॅटरी आणि पायात बूट हवेतच. सापाची भीती सर्वांना असते, पण त्याच गवतात एक डोळ्यांना न दिसणारा जीव असतो त्याची कोणालाच नसते. उंदीर-घुशींच्या अंगावर वाढणाऱ्या माइट नावाच्या सूक्ष्म कीटकाची अळी गवतातून माणसाच्या अंगावर चढते आणि चावते. चावल्याचे कळतही नाही. आठ-दहा दिवसांनी कडक ताप, डोके आणि अंग ठणकणे सुरू होते. या आजाराला स्क्रब टायफस म्हणतात. २०१८ च्या पावसाळ्यात नागपूर व विदर्भात त्याची मोठी लाट आली होती, तेव्हा वृत्तपत्रांतून त्याचे नाव आपल्याकडे प्रथम गाजले. तो पावसाळ्याच्या शेवटी आणि त्यानंतरच्या दोन महिन्यांत जास्त दिसतो, म्हणजे नेमका फुले वेचायच्या दिवसांत.

डेंग्यू, मलेरिया, टायफॉइड असे सगळे तपासून झाले, तरी ताप उतरत नाही, तेव्हा याचा विचार करावा लागतो. एक खूण मात्र घरच्या घरी बघता येते. चावल्या जागी सिगारेटने डागल्यासारखी काळी खपली धरते. ती दुखत नाही आणि बहुधा काखेत, जांघेत, साडीच्या किंवा नाडीच्या घट्ट जागी, स्तनाखाली असते. त्यामुळे ती रुग्णाला ठाऊक नसते आणि संकोचामुळे डॉक्टरांना दिसत नाही. तापाच्या रुग्णाची अंघोळ घालताना घरच्या माणसाने तेवढे बघावे, आणि ‘मी गवतात काम करतो’ हे डॉक्टरांना न विचारता सांगावे. वेळेत कळले तर डॉक्सिसायक्लिन नावाची अगदी स्वस्त गोळी पुरते. आठवडा वाया गेला तर फुप्फुसे, मूत्रपिंडे आणि मेंदूपर्यंत प्रकरण जाते. प्राजक्ताच्या पानांचा काढा तापावर घेण्याची आपल्याकडे जुनी चाल आहे, पुष्कळांनी त्याविषयी विचारले आहे. कडू असतो, घ्यायचा तर घ्या. पण काढा घेत चौथा दिवस उजाडू देऊ नका.

शेवटी कुंड्या. शहरातल्या वाचकांची बाग म्हणजे गॅलरीतल्या कुंड्या, त्यांखालच्या थाळ्या आणि बाटलीतला मनीप्लांट. डेंग्यूचा डास याच थाळ्यांत राहतो. त्याला गटार आवडत नाही, आपल्यासारखेच त्यालाही स्वच्छ पाणी लागते. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस पुरतात, म्हणून आठवड्यातून एक दिवस ठरवून सगळ्या थाळ्या, बाटल्या रिकाम्या करायच्या. नुसते पाणी ओतून भागत नाही. अंडी पाण्याच्या कडेला चिकटलेली असतात आणि कोरड्यात कित्येक महिने जिवंत राहतात. कडा काथ्याने घासायलाच हवी. थाळीत वाळू भरून ठेवली तर हा त्रासच वाचतो. ताप आलाच तर पॅरासिटॅमॉलखेरीज दुसरी वेदनाशामक गोळी मनाने घेऊ नये, विशेषतः ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक. आणि लक्षात ठेवावे, की डेंग्यूत खरा धोका बहुधा ताप उतरल्यावर, चौथ्या-पाचव्या दिवशी असतो. पोटात सतत दुखणे, उलट्या, हिरड्यांतून रक्त, ग्लानी यांपैकी काही दिसले तर रात्र असली तरी थांबू नये.

फलटणच्या सातवीतल्या एका मुलीचे पत्र सर्वांत शेवटी आले. तिने दारातल्या सिमेंटच्या टाक्यात कमळे लावली आहेत आणि आजोबा डासांच्या भीतीने टाके बुजवायला निघाले आहेत. टाके बुजवू नये, आजोबा. प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा नगरपालिकेच्या हिवताप विभागात गप्पी मासे मिळतात, डबा घेऊन जावे. आठ-दहा मासे पुरतात, त्यांची प्रजा भराभर वाढते आणि ते डासांच्या अळ्या खातात, कमळाला काही करत नाहीत. कुजलेली पाने तेवढी काढत जावे, आणि मासे जास्त झाले तर ते नदीत किंवा तळ्यात न सोडता शेजाऱ्यांच्या टाक्यात द्यावेत. तिच्या टाक्यात सध्या तीन पांढरी आणि एक गुलाबी, अशी चार फुले आहेत.